लेकीच्या पाठीचं ऑपरेशन ठरलंय आणि लेकीलाच माहीत नाही

पत्र:

नमस्कार ताई. आम्ही धाराशिव जिल्ह्यातले, गावाचं नाव छापू नका. माझी पोरगी तेरा वर्षांची, आठवीत आहे, शाळेच्या खो-खो टीममध्ये खेळते. जूनमध्ये तिच्या खेळाच्या मॅडमनी मला शाळेत बोलावून घेतलं, म्हणाल्या ही पाटीवर खाली बसते तेव्हा मागून बघा, उजवीकडची पाठ वर आलेली दिसते. मला तर कधी दिसलं नव्हतं, पोरगी मोठी झाली आता, ती एकटीच कपडे बदलते. मग सोलापूरला दाखवलं, एक्सरे काढला, मणका ५२ डिग्री वाकलाय म्हणाले. पाठीला बांधायच्या पट्ट्याचा आता उपयोग नाही, ऑपरेशन करून रॉड-स्क्रू टाकावे लागतील, दिवाळीच्या सुट्टीत करून टाकू म्हणाले. ह्यांनी तिथंच हो म्हणून टाकलं. ह्यांचं म्हणणं उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील. सासूबाई म्हणायल्यात मणक्याला हात लावला की माणूस लुळं पडतंय, तेल लावा, एका गावात हाड बसवणारा आहे त्याच्याकडं न्या. पोरीला आम्ही फक्त चेकअप चाललंय असं सांगितलंय. दिवाळीत मामाकडं जायचंय म्हणून न्यायचं, ॲडमिट झाल्यावर कळेलच, असं ह्यांनी ठरवलंय. पण परवा रात्री ती मला विचारली, मम्मी माझ्या पाठीत लोखंड घालणार का, मग मला खेळता येणार नाही का. मला काही बोलताच आलं नाही. तिला पाळी सुरू होऊन चारच महिने झालेत. लहानपणापासून मी तिला पाणी आणायला लावलं, कमरेवर घागर घेऊन यायची, त्यानंच झालं असेल का? आणि सही कुणाची चालते? तिचं ऐकायचं का डॉक्टरांचं?

उत्तर:

ताई, तुमच्या लेकीनं जे विचारलंय त्याचं उत्तर तिला ह्याच आठवड्यात द्या. ऑपरेशन करायचं का, कुठं करायचं, कधी करायचं हे सगळं त्याच्यानंतर. तिला अर्धं कळलंय, तेही कुठूनतरी, आणि आई विचारल्यावर गप्प बसली म्हणजे काहीतरी लई वाईट आहे एवढं तिला नक्की कळलंय. आणि ते मामाकडं जायचंय म्हणून न्यायचं जे ठरवलंय ना, ते आजच्या आज मोडा. ह्यांना वाटलं तर हे पत्रच वाचून दाखवा.

मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात मी बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळं फसवून आणलेली लेकरं मी जवळून बघितलीत. एक मुलगा होता नऊ-दहा वर्षांचा, जत्रेला चाललो म्हणून आणलेला, पायाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशन चांगलं झालं, सर्जन खूश होते. पण ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा आवाज आला की हा पोरगा पांघरूण डोक्यावरून घ्यायचा, आईनं भाकरीचा घास पुढं केला की तोंड भिंतीकडं फिरवायचा, आणि फिजिओथेरपीच्या मॅडमना पायाला बोट लावू देईना. त्या ऑपरेशनचा अर्धा फायदा पुढच्या व्यायामावर अवलंबून होता. आईवडील वाईट नव्हते ओ, लेकरू घाबरू नये म्हणूनच केलं होतं त्यांनी, तुमच्या मालकांसारखंच.

मणक्याच्या ऑपरेशनमध्ये तर पेशंटची साथ फारच लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठवून उभं करतात, कुशीवर वळताना सगळं अंग एकदम वळवायचं असतं, छातीत कफ साठू नये म्हणून ते तीन छोट्या चेंडूंचं यंत्र तोंडात धरून श्वास ओढायचा असतो, आणि हे सगळं दुखत असतानाच करायचं असतं. अजून एक गोष्ट जी बऱ्याच आईवडिलांना माहीतच नसते. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जू नीट आहे का हे बघायला मशीन लावतात, त्याला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात. जिथं ते नसतं किंवा मशीनवर सिग्नल कमी झाल्यासारखा वाटतो तिथं भूल थोडी हलकी करून पेशंटला हाक मारतात, पाय हलव म्हणतात. त्यासाठी आदल्या दिवशीच पेशंटला सांगून ठेवावं लागतं की बाळा, आम्ही मध्ये तुला हाक मारू, तेव्हा पाय हलवायचे. आता ज्या पोरीला आपण मामाकडं निघालोय एवढंच माहीत आहे तिला हे कोण आणि कधी सांगणार? म्हणजे तिला सांगणं हा त्या ऑपरेशनच्या तयारीचाच भाग आहे.

आता घागरीचं. नाही ताई, घागरीनं झालेलं नाही. दप्तरानंही नाही, वाकून बसल्यानंही नाही, गरोदरपणात तुम्ही काही खाल्लं-नाही खाल्लं त्यानंही नाही. दहा वर्षांनंतरच्या वयात जो मणका असा बाजूला वाकतो त्याला स्कोलिओसिस म्हणतात आणि बहुतेक मुलांमध्ये त्याचं नेमकं कारण सापडत नाही, घराण्यात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते एवढंच. दर शंभर मुलांत दोन-तीन जणांना थोडाफार असतो, पण वाढत जाऊन ऑपरेशनपर्यंत जाणारा बाक मुलींमध्ये जास्त. गावातल्या निम्म्या पोरींनी घागरी वाहिल्यात, त्यांच्या पाठी सरळच आहेत की. हे मी एवढं लांबवून सांगायलेय कारण अपराधी वाटणारी आई एकतर घाईत सही करते नाहीतर घाबरून टाळत बसते. तुम्हाला ह्या दोन्ही गोष्टी करायच्या नाहीत. आणि उशिरा दिसलं म्हणूनही स्वतःला बोल लावू नका, ह्या वयाच्या मुली आईसमोर कपडे बदलत नाहीत म्हणून हे बऱ्याच घरांत असंच उशिरा कळतं. मॅडमनी ओळखलं ही लई मोठी गोष्ट आहे, खाली वाकल्यावर मागून पाठ बघायची ही डॉक्टरांचीच तपासणी आहे.

५२ डिग्री म्हणजे काय ते आता सांगते, कारण हे कळल्याशिवाय निर्णयाला अर्थ नाही. १० च्या वर असेल तर स्कोलिओसिस म्हणतात. साधारण २५ ते ४० पर्यंत आणि वाढ बाकी असेल तर पट्टा देतात, आणि पट्टा खरंच काम करतो, अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला त्यात पट्टा लावलेल्या शंभरातल्या ७२ मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० च्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ जणांचा. पण तुमची लेक ५० च्या पुढं गेलेली आहे म्हणून पट्ट्याचा उपयोग नाही हे डॉक्टर बरोबरच बोललेत. आणि पाळी सुरू होऊन चार महिने म्हणजे अजून साधारण दीडेक-दोन वर्षं ती वाढणार, मणकाही वाढणार, त्यात बाक वाढायची शक्यता बरीच आहे.

पण नाहीच केलं ऑपरेशन तर? हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, आणि सांगायला पाहिजे होतं. अमेरिकेतल्या आयोवामध्ये उपचार न केलेल्या अशा पेशंटना पन्नास वर्षं फॉलो केलं, तो अभ्यास २००३ मध्ये छापला गेला. त्यातली बहुतेक माणसं कामधंदा करून व्यवस्थित जगली. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, दिसण्याची खंत होती, आणि ज्यांचा छातीचा बाक ८० च्या वर गेला त्यांना दम लागायचा त्रास जास्त दिसला. म्हणजे ऑपरेशन नाही केलं तर लेकरू मरतं किंवा लुळं पडतं असं नाही. पण दुसरी बाजूही बघा, छातीच्या मणक्याचा बाक ५० च्या पुढं असेल तर वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एखादी डिग्री वाढत राहतो. आज ५२, वाढीच्या ह्या दोन वर्षांत कितीतरी अजून, आणि मग पुढची तीस-चाळीस वर्षं दरवर्षी थोडंथोडं, हिशोब तुम्हीच करून बघा. म्हणून सर्जन ऑपरेशन म्हणतायत. मलाही त्यांचं म्हणणं पटतं. पण हे अपेंडिक्स नाही की रात्रीतून फुटेल. तुमच्याकडं काही आठवडे, एक-दोन महिने नक्की आहेत. ती वर्षानुवर्षं ढकलायला वापरू नका, पोरीला बरोबर घेऊन नीट ठरवायला वापरा.

एक विचारते, रागावू नका. पोरगी खो-खो खेळते हे सर्जनना सांगितलं का तुम्ही? ओपीडीत शंभर पेशंट, त्यात पाच मिनिटं मिळतात, एक्सरे लावला, डिग्री मोजली, तारीख दिली, सगळीकडं असंच चालतं. मणक्याचं त्यांना कळतं पण तुमच्या लेकीचा दिवस कसा जातो हे त्यांना कोण सांगणार? आणि ह्या ऑपरेशनमध्ये नेमकं तेच महत्त्वाचं आहे. त्यात वाकलेले मणके सरळ करून एकमेकांना कायमचे जोडतात. तेवढा भाग नंतर वाकत नाही. किती मणके जोडणार, कुठून कुठपर्यंत, ह्याच्यावर पोरीचं पुढचं वाकणं-वळणं ठरतं. जोडणी छातीच्या भागातच थांबली तर कमरेतून वाकणं बरंचसं राहतं, खाली कमरेच्या मणक्यांत जितकं जाईल तितकं कमी होतं. तिला पाटीवर उकिडवं बसायचं असतं, झटक्यात उठून वळायचं असतं, खांबावर डाईव्ह मारायची असते. म्हणून सर्जनना विचारायचा पहिला प्रश्न तारखेचा नाही, पहिला प्रश्न हा की साहेब, खालचा शेवटचा मणका कुठला, आणि त्यानंतर हिला काय काय करता येणार नाही.

तिला खोटा भरवसा देऊ नका. बरीच मुलं परत खेळतात, साधारण सहा महिने ते वर्षानं सर्जन पूर्ण खेळायची परवानगी देतात, पण पहिल्यासारखी चपळाई येईलच असं कुणीच लिहून देणार नाही. घरात कुणी 'खेळाचं काय एवढं' म्हणालं तर त्यांना थांबवा. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठीच, तुमच्या जिल्ह्यातल्या पोरींच्या डोळ्यासमोर ते असतंच. तुमच्या लेकीसाठी हा खेळ म्हणजे तिची ओळख असेल, आणि ती जाण्याची भीती ही खरी भीती आहे, पोरकटपणा नाही. तारखेत तरी तिचं ऐकता येतं का बघा. शाळेच्या स्पर्धा दिवाळीच्या आसपास असतील तर त्या खेळून मग ऑपरेशन असं चालेल का हे सर्जनना विचारा, ऑपरेशनच्या आधी खेळायला सहसा मनाई नसते, पण तिच्या बाबतीत काय ते तेच सांगतील.

मुलं वाढत असताना मणके न जोडता दोरीनं ओढून धरायची एक नवी पद्धत आहे, अमेरिकेत २०१९ मध्ये तिला मान्यता मिळाली. सगळ्यांना चालत नाही, सगळीकडं होत नाही, आणि फार वर्षांचा अनुभव अजून जमा झालेला नाही. हिच्यासाठी आहे का एवढं विचारून घ्या, नाही म्हणाले तर का नाही तेही विचारा.

सासूबाईंची भीती उडवून लावू नका. मणक्याला हात लावला की लुळं पडतं हे पूर्ण खरं नाही पण पूर्ण खोटंही नाही. आजकाल ह्या वयातल्या ह्या ऑपरेशनमध्ये नसांना इजा व्हायचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे, आणि त्यातलीही बरीच मुलं काही महिन्यांत सुधारतात. पण शून्य नाही. इन्फेक्शन होऊ शकतं, रक्त द्यावं लागू शकतं, थोड्या मुलांना पुढं कधी परत ऑपरेशन लागतं. हे सगळं सासूबाईंना शेजारी बसवून सांगा, म्हणजे त्यांनाही वाटेल की आपलं बोलणं कुणी ऐकलं. तेल लावून पाठ चोळली तर चोळू दे, पोरीला बरं वाटत असेल आजीच्या हातानं, त्यानं बाक सरळ होत नाही आणि नुकसानही नाही. त्या हाड बसवणाऱ्याकडं मात्र अजिबात नाही. वाकलेल्या मणक्याला झटका देणं, पाय देऊन दाबणं हे धोक्याचं आहे, तिथं कुणाचाही मान राखायचा नाही.

सर्जनना हेही विचारा की अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती करता, न्यूरोमॉनिटरिंग आहे का, आयसीयू आहे का, रक्ताची सोय काय, एमआरआय करायची गरज आहे का. आपल्याकडं लोकांना वाटतं डॉक्टरांना असं विचारलं तर राग येईल. चांगल्या सर्जनला राग येत नाही, उलट विचारणारे आईवडील बघून ते खुर्ची ओढून बसतात, हे मी बघितलंय. आणि आला राग तर तेही एक उत्तरच समजा. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला सेकंड ओपिनियन घेणं म्हणजे अविश्वास नाही. पुणे, मुंबई, हैदराबाद, जिथं फक्त मणक्याचंच काम करणारे सर्जन आहेत तिथं एकदा एक्सरे दाखवून या.

लग्नाचं मात्र मी स्पष्ट बोलणार. तेरा वर्षांच्या लेकराच्या पाठीवर चीरा द्यायचं कारण म्हणून कुणाचं तरी पुढं होणारं लग्न चालणार नाही. ते कारण मानलं की ऑपरेशन लपवायचं ठरतं, पाहुण्यांना सांगायचं नाही, शाळेत सांगायचं नाही, आणि पोरीला वाटतं आपल्यात काहीतरी लाजण्यासारखं आहे. मालकांची काळजी मला कळते, आपल्या भागात मुलीच्या बापाला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे. पण पाठीच्या मधोमध लांब व्रण राहणारच, तो लपवायचा म्हणलं तर जन्मभर लपवावा लागेल. तिच्या फुफ्फुसाला जागा राहावी, पुढं दुखणं कमी राहावं, बाक वाढू नये, ही कारणं तिची आहेत. आणि तिला स्वतःला आरशात बघून पाठ सरळ हवी वाटत असेल तर तेही तिचंच कारण आहे, तेही मोठं आहे, त्याला नटवेपणा म्हणू नका. तिला विचारा तरी. पुढं बाळंतपणात अडचण येईल का हे मालकांच्या मनात असेल तर सांगा, ह्या ऑपरेशननंतर बायकांची बाळंतपणं होतात, नॉर्मलही होतात.

सही कुणाची चालते? कायद्यानं १८ वर्षांपर्यंत आईवडिलांची. तिची सही लागत नाही. पण सही चालते म्हणजे विचारायची गरज नाही असं नाही. मुलांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं १९९२ मध्ये स्वीकारलेला, त्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय की मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाला मत मांडता आलं पाहिजे आणि वयाप्रमाणं त्या मताला वजन दिलं पाहिजे. आणि तुमच्या स्वतःच्या सहीबद्दलही एक ऐका. दिल्लीतल्या एका बाईला तपासणीसाठी भूल दिली होती, ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढून टाकलं, त्या समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टानं जानेवारी २००८ मध्ये सांगितलं की ही संमती धरता येत नाही. ऑपरेशन काय आहे, कशासाठी, फायदा काय, मोठे धोके काय, दुसरे पर्याय काय आणि नाही केलं तर काय होईल हे सांगून मगच संमती घ्यायची. ती केस मोठ्या बाईची होती, पण लेकराच्या वतीनं सही करणाऱ्या आईबापालाही हे सगळं कळायलाच पाहिजे. तुमच्या मालकांनी ओपीडीत उभ्या उभ्या जो हो म्हणला त्यात ह्यातलं काय काय सांगून झालं होतं? फॉर्म आदल्या रात्री घाईत पुढं केला तर घरी नेऊन वाचायला आधीच द्या म्हणा, मराठीत मागा.

आता पोरीशी कसं बोलायचं. दोघं मिळून बोला, एकट्या तुम्ही नको, नाहीतर तिला वाटेल पप्पा ह्याच्यात नाहीत. आधी चूक कबूल करा, की चेकअप म्हणालो ते पूर्ण खरं नव्हतं, तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही. मग तिला एक्सरे दाखवा. मुलांना स्वतःचा एक्सरे बघायचा असतो, आणि बघितल्यावर भीती कमीच होते असं मी बघितलंय. लोखंड नसतं, बहुतेक टायटॅनियम असतं, झोपेत घालतात, कळत नाही, नंतर काही दिवस दुखतं, औषध देतात, हे असं सरळ सांगा. दुखणार नाही असं म्हणू नका, दुखलं की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वास पण जाईल. मग गप्प बसा आणि तिला बोलू द्या. तिचे प्रश्न तुम्हाला वाटतात त्याच्यापेक्षा वेगळे असतील, ॲडमिट असताना पाळी आली तर काय, कपडे कोण बदलणार, केस कधी धुता येतील, वर्गात काय सांगायचं, शू करायला उठता येईल का. वहीत लिहून काढायला लावा आणि पुढच्या वेळी ती वही तिच्याच हातात देऊन सर्जनकडं न्या. पाच-दहा मिनिटं तिला सर्जनशी नाहीतर सिस्टरशी एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. आईसमोर मुली काही गोष्टी विचारत नाहीत.

आणि एक काळजी घ्या. जे तुम्ही आधीच ठरवलंय ते तिला प्रश्न म्हणून विचारू नका. 'करायचं का बाळा ऑपरेशन' असं विचारायचं, ती नाही म्हणली की मग समजूत काढायची, रागवायचं, असं केलं तर तिला कळतं की विचारणं नाटक होतं. तुमचं मत असेल की करावं, तर तसं सांगा, आम्हाला असं वाटतं आणि ह्या कारणानं वाटतं, तुला काय वाटतं ते ऐकल्याशिवाय तारीख घेणार नाही. आणि जिथं खरंच तिच्या हातात आहे ते तिच्यावर सोडा, स्पर्धेच्या आधी की नंतर, रात्री जवळ कोण झोपणार, मैत्रिणींना कोण सांगणार, शाळेत काय सांगायचं. पण सगळा भार तिच्यावर टाकून 'तुझं तू ठरव, नंतर आम्हाला बोलू नको' असंही म्हणू नका. काही आईबाप मुलाचा मान ठेवतो म्हणून असं करतात, आणि मग काही कमीजास्त झालं की ते लेकरू जन्मभर म्हणतं मीच हो म्हणले होते. निर्णयाची जबाबदारी तुमचीच राहणार ताई, म्हणून तर सही तुमची आहे.

सगळं सांगून, सगळं ऐकूनही ती नाहीच म्हणली तर? मग आधी विचारा कशाला नाही. बहुतेक वेळा नाही हे ऑपरेशनला नसतं, एखाद्या गोष्टीला असतं, सुईला, खेळ सुटण्याला, व्रणाला, किंवा आजी बोलली ते लुळं पडण्याला. त्या गोष्टीचं काहीतरी करता येतं. तरीही ठाम नाही असेल तर माझं मत असं की तेरा वर्षांच्या, सगळं समजणाऱ्या पोरीला धरूनबांधून टेबलवर घालू नये, जीवावर बेतलेलं नसताना तर नाहीच. सर्जनना सांगा, तीन-चार महिन्यांनी परत एक्सरे काढू, बाक किती वाढतो बघू, आणि तिला त्यावेळी परत विचारू. आकडा वाढलेला स्वतः बघितल्यावर मुलं वेगळा विचार करतात, आणि तो विचार त्यांचा स्वतःचा असतो. पण हे थांबणं तारीख ठरवून असलं पाहिजे, एक्सरे कधी, कुणाकडं, किती डिग्रीला परत बसायचं हे डॉक्टरांबरोबर लिहून घ्या. जास्त थांबलं तर बाक वाढतो, कडक होतो, आणि ऑपरेशन अवघड होतं, हेही तिला माहीत पाहिजे. तिला नाही म्हणायचा हक्क आहे तर त्या नाहीची किंमत कळायचाही आहे.

पैशाचं थोडक्यात. खासगीत हे काही लाखांत जातं, स्क्रू-रॉडचाच खर्च मोठा असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तिचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजात आणि कुठल्या दवाखान्यात बसतं हे योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात त्यांना विचारा, नाहीतर १५५३८८ ला फोन करा, आणि हे ॲडव्हान्स भरायच्या आधी करा, भरल्यावर नाही. सोलापूरच्या एक्सरेची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. आणि रेशन कार्डावर पोरीचं नाव चढवलेलं आहे का ते आजच बघा, बऱ्याच घरांत लेकीचं नाव राहून गेलेलं असतं, तसं असेल तर तहसीलचं काम ह्याच आठवड्यात करून घ्या.